तिसऱ्या मजल्यावरचं जळण

दिवाळीचा फराळ संपत आला की आई जळणाचा विषय काढायची. फराळाचे रिकामे डबे घासून वाळत ठेवणं आणि जिन्याखालची जागा झाडून घेणं, ही दोन कामं आमच्याकडे एकाच दिवशी व्हायची. जिन्याखाली होळीपर्यंत पुरेल एवढं सरपण रचून झालं की तिच्या मते थंडीने खुशाल यावं.

मुंबईत कसली थंडी, असं कामावरच्या मुली मला विचारतात. त्यांच्या घरी गीझर आहेत. आमची चाळ परळच्या एका आतल्या गल्लीत होती. तीन मजली, सगळी लाकडाची, आणि आमची खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला. तिथे ऊन कधी पोचायचंच नाही. डिसेंबरात सकाळी फरशीवर पाय टेकला की टाचेतून निघालेली कळ गुडघ्यापर्यंत जायची. वायरिंग इतकं जुनं की गीझर लावला तर अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडायचा. त्यामुळे आमच्याकडे शेवटपर्यंत तांब्याचा बंब होता. आईच्या लग्नात तिच्या वडिलांनी तो मालवणहून एसटीच्या टपावर बांधून आणला होता. रोज सकाळी तो मागच्या अंगणात पेटायचा. आधी नारळाच्या शेंड्या, मग ढलप्या, मग जाड तुकडे. त्या पाण्याला धुराचा आणि तांब्याचा मिळून एक वास यायचा, तो दुपारपर्यंत केसांत राहायचा.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची, चाळीतल्या आमच्या शेवटच्या हिवाळ्याची. चाळ पुनर्विकासाला गेली होती. बहुतेक बिऱ्हाडं निघून गेली होती, कुणी नायगावला, कुणी अँटॉप हिलला, कुणी थेट विरारला. उरलो होतो आम्ही चार कुटुंबं, चारही तळमजल्यावरची. वरच्या तिन्ही मजल्यांचं पाणी आणि वीज तोडून टाकली होती. रिकाम्या खोल्यांच्या दारांवर बिल्डरच्या माणसांनी लाल रंगाने फुल्या मारल्या होत्या. घरात आई आणि मी, दोघीच. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. मी एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. पहाटे निघते आणि दुपारी बाराच्या सुमारास घरी येते. म्हणून चाळीतल्या दुपारी मला नीट माहीत आहेत.

लाकूड आम्ही भायखळ्याच्या एका वखारीतून आणायचो. त्या वर्षी गेले तर वखारीच्या जागी प्लायवूडचं दुकान. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगो, डोक्यावर तीन मजले लाकूड आसा आणि तू भायखळ्याक कित्याक गेलंस?"

गेटवरच्या वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "ले जाओ मॅडम. सब डंपर में ही जानेवाला है."

मग रोज जेवण झाल्यावर मी पहार, करवत आणि एक गोणी घेऊन वर जायला लागले. खांबांना आणि तुळयांना हात लावायचा नाही हे मला कळत होतं. मी घ्यायचे ते पोटमाळ्याच्या फळ्या, भिंतीवरच्या मांडण्या, खिडक्यांच्या निखळलेल्या झडपा, खोलीचे दोन भाग करणारी पार्टिशनं. आईने तीन गोष्टी बजावल्या होत्या. देवघराची फळी आणायची नाही. उंबरठा उचकटायचा नाही. आणि पाळण्याची कडी ज्या लाकडात ठोकलेली असेल ते तसंच राहू द्यायचं.

माणसं गेली तरी खोल्या पूर्ण रिकाम्या नव्हत्या. एका ठिकाणी भिंतीवर घड्याळाएवढा पांढरा गोल राहिला होता. एका खिडकीत तुळशीची कुंडी होती, त्यातली तुळस वाळून काडी झाली होती. मी लाकूड खाली आणलं की आई ते हातात घेऊन उलटंसुलटं करून बघायची आणि कुणाचं ते सांगायची. हा पोपटी रंग अमक्यांच्या माळ्याचा. ही फळी तमक्यांच्या स्वयंपाकाच्या ओट्यावरची. एकदा बंबात एक मांडणी घातली तर अंगणभर हिंगाचा वास सुटला. ज्या बाईची ती मांडणी होती ती जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. आई बंबासमोर पाटावर बसली होती. तिने पदर नाकाला लावला. दुसऱ्या दिवशी राख काढताना मला जाळीवर अकरा खिळे मिळाले, सगळे सरळ.

नोव्हेंबर संपेपर्यंत पहिले दोन मजले झाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावर गेले.

वर कबुतरांशिवाय कुणी नव्हतं. गॅलरीत धूळ, पिसं आणि कबुतरांची घाण यांचा थर बसला होता. त्या धुळीत मला ओल्या पावलांचे ठसे दिसले. कोपऱ्यातल्या खोलीच्या बंद दारातून ते निघाले होते, गॅलरीतून आठ-दहा पावलं आले होते आणि कठड्यापाशी थांबले होते. तिथे कपडे वाळत घालायची जुनी दोरी अजून बांधलेली होती. आंघोळ करून बाहेर आलेली बाई जिथे उभी राहून लुगडं झटकेल, बरोबर तिथे. परत जाणारे ठसे नव्हते.

दुपारचे अडीच वाजले होते. खाली रस्त्यावर बसचा हॉर्न ऐकू येत होता. मी माझी चप्पल एका ठशाशेजारी ठेवून पाहिली. ठसा माझ्या पायापेक्षा दोन बोटं लहान होता. पाचही बोटं स्पष्ट उमटली होती आणि टाचेतलं पाणी अजून सुकलं नव्हतं. या मजल्याचा नळ तोडून दहा महिने झाले होते.

माझ्या कामात हात थरथरून चालत नाही. तेव्हाही थरथरला नाही. पण पहार मी तिथेच ठेवली आणि खाली आले.

आई गोधडी शिवत होती. मी सांगितलं तसं तिने सुई थांबवली.

"कोपऱ्यातली खोली?"

"हो."

"थंयसून काय हाडू नको," ती म्हणाली. म्हणजे तिथून काही आणू नकोस. आणि पुन्हा सुई चालवायला लागली.

संध्याकाळी वॉचमनला विचारलं, वर कुणी येतं का. तो बिडी विझवून उभा राहिला. त्याचा चेहरा चेष्टेचा नव्हता. म्हणाला, "ऊपर एक बाई है, मॅडम. दोपहर को नहाती है. मैंने पानी का आवाज सुना है, दो बार. नीचे से कोई चढ़ती नहीं, ऊपर से कोई उतरती नहीं. मैं उधर जाता ही नहीं."

पहार आणायला तर जायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी गेले. ठसे सुकून गेले होते, पण गॅलरीत धुराचा वास होता. जुन्या सागवानाचा धूर कसा येतो ते मला त्या महिन्याभरात पाठ झालं होतं. कोपऱ्यातल्या खोलीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं आणि दारावर लाल फुली. खिडकीच्या झडपेला फट होती, तिला डोळा लावला.

आतली फरशी झाडून पुसून लख्ख होती. मोरीजवळ तीन विटांची चूल आणि तिच्यावर एक काळं पातेलं. मोरीच्या कठड्यावर दोन बादल्या, एक मोठी, एक लहान. आणि भिंतीशी जळण रचलेलं होतं. प्रत्येक तुकडा वीतभर लांब, एक थर आडवा, एक उभा, हवा खेळावी म्हणून. आम्ही जसं रचायचो तसंच. खोलीत मात्र लाकडाचं म्हणून काही शिल्लक नव्हतं. माळा नव्हता, मांडणी नव्हती, पार्टिशन नव्हतं. भिंतीत फक्त भोकं होती. ती खोली स्वतःलाच जाळत होती.

त्या खोलीत पूर्वी कोण राहायचं हे मला माहीत होतं. गिरणीत काम केलेले एक काका, त्यांची बायको आणि मुलगा. मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला सरकारी नोकरी लागली, अँटॉप हिलला क्वार्टर मिळालं. काका बरीच वर्षं इथेच एकटे राहिले आणि आदल्या वर्षी खोली सोडून त्याच्याकडे गेले. काकी मी नऊ वर्षांची असताना वारल्या होत्या. कशाने, ते मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी आईला सरळच विचारलं.

"मोरीत पडली," आई म्हणाली. "अशीच थंडी होती. त्यांच्याकडचं जळण संपलं होतं. तो सकाळी वखारीत गेला लाकूड आणायला. हिला घाई, मुलाचा डबा, स्वतःचं काम. थांबली नाही. गार पाणी अंगावर घेतलं आणि तिथेच कोसळली. तो मोळी खांद्यावर घेऊन वर आला तेव्हा सगळं झालं होतं. शेवटची आंघोळ आम्ही बायकांनी घातली. पाणी आपल्या बंबातलं होतं."

एवढं सांगून ती उठली आणि उगीचच माठातलं पाणी बदलायला लागली.

चार दिवसांनी, शनिवारी, मी पुन्हा वर गेले. का गेले ते आजही नीट सांगता येणार नाही. आईने नको म्हटलं होतं आणि जळणाचीही आता तेवढी गरज नव्हती. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर असतानाच मला माणसाचा आवाज आला. हळू, रोजच्या बोलण्याचा.

"पाणी काढलंय. चांगलं ऊन-ऊन आहे. आधी तू जा."

मी गॅलरीत आले. कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडं होतं. दाराबाहेर स्टुलावर ते काका बसले होते, दाराकडे पाठ करून, गुडघ्यांवर हात ठेवून, समोर रस्त्याकडे बघत. बायको मोरीत असली की एका खोलीच्या घरातला पुरुष बाहेर बसायचा, अगदी तसे. आणि आतून पाण्याचा आवाज येत होता. तांब्या बादलीत बुडतो तो डुबुक असा आवाज, मग अंगावर पाणी पडल्याचा, मग फरशीवर. पुन्हा डुबुक.

काकांनी मान वळवली. ते घाबरले नाहीत, मीच जागच्या जागी थिजले होते.

"वहिनींची मुलगी ना गो तू? थांब जरा, बाय. तिचं होऊ दे."

मी थांबले. किती वेळ ते माहीत नाही. ते रस्त्याकडे बघत राहिले आणि मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले. आतला आवाज हळूहळू थांबला. शेवटी बादली उपडी केल्यासारखं बरंच पाणी एकदम मोरीतून वाहून गेलं. काका थोडं थांबले, मग उठून आत गेले. त्यांच्यामागून मी.

आत कुणी नव्हतं. दुसरं दार नाही, खिडकीला गज. मोरी ओली होती, वाफ अजून तरंगत होती. मोठी बादली भरलेली, लहान बादली रिकामी. मी ती उचलून तळ पाहिला. एक बारीक चीर होती खरी. तेवढ्या चिरेतून पाणी झिरपेल, पण तांब्याचा आवाज येणार नाही. मी त्या चिरेचा आधार घेऊन बरेच दिवस काढले आहेत, म्हणून सांगते. काकांचे पाय मी मुद्दाम पाहिले. मोठे, रुंद, भेगा पडलेले, आणि कोरडे.

त्यांना मी खाली घेऊन आले. आईने त्यांना पाहिलं आणि काही न विचारता चहाचं आधण ठेवलं. ते तिला वहिनी म्हणायचे, ती त्यांना भावोजी. वयाने ते अठ्ठ्याहत्तरचे होते.

मुलगा आणि सून कामावर गेले, नात शाळेत गेली की ते जेवून बस पकडायचे. मागच्या पडक्या भिंतीतून आत यायचे, म्हणून वॉचमनला कधी दिसले नाहीत. आई दुपारी पडायची आणि मी वर लाकूड काढण्यात गुंतलेली, तेव्हा ते आमच्याच अंगणातल्या नळावर दोन लहान कॅन भरायचे आणि मागच्या जिन्याने एकेक करून वर न्यायचे. खोलीची एक किल्ली त्यांच्याकडे राहिली होती.

"तिकडे पाणी तापत नाही का?" आईने विचारलं.

"तापतं की. बटण दाबलं की कढत पाणी. सून चांगली आहे, टॉवेलसुद्धा काढून ठेवते."

"मग?"

"तिला तिकडची वाट माहीत नाही ना, वहिनी." बसचा नंबर माहीत नाही म्हणावं तशा आवाजात ते म्हणाले. "मुलाने टेम्पो बोलावला, घाईघाईत निघालो. तिला सांगायचं राहून गेलं. दिवाळीनंतर सहज आलो होतो खोली बघायला, तर मोरी ओली. नळ तोडलेला आणि मोरी ओली. हात लावला तर गार पाणी. तेव्हापासून येतो. पुन्हा गार पाण्याने नको."

आईने कप खाली ठेवला. साखर आणते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही.

"खालचे दोन मजले तू मोकळे केलेस ना," काका मला म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. "मी तिथपर्यंत येणारच होतो. आता माझ्याकडे आहे ते दहा-बारा दिवस पुरेल. मग दाराची चौकट आहे."

आई दारात येऊन उभी राहिली. "चौकटीला हात लावू नका, भावोजी. जळण आहे आमच्याकडे. भरपूर आहे."

"असू दे वहिनी. तुम्हालाही होळीपर्यंत पुरायला हवं."

त्या वाक्यावर आईचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं, पण तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

तो मला दिवेलागणीला कळला. देवापुढे निरांजन लावून ती तिथेच बसून राहिली आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"त्या दिवशी तो आधी आपल्याकडे आलेला. वखारीत जायच्या आधी. चार ढलप्या द्या म्हणाला, पाण्यापुरत्या, संध्याकाळी परत करतो. जिन्याखाली छताला लागेल एवढं रचलेलं होतं. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, नाही हो भावोजी, संपलं."

"का?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही. नवीन रचलं होतं. मोडावंसं वाटलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने मला बंब वर न्यायला सांगितलं. उघड्या चुलीपेक्षा बंब बरा, लाकडाची चाळ आहे, असं कारण तिने दिलं आणि ते खोटं नव्हतं. मलाही त्या तीन विटांची भीती वाटायला लागली होती. वॉचमन दुसऱ्या मजल्यापर्यंत मदतीला आला आणि तिथून परत फिरला. पुढे मी एकटीने तो एकेक पायरी करत चढवला. शेजारी रेतीची बादली ठेवली. आम्ही दोघी गॅसवर पातेलं चढवून आंघोळी करायला लागलो. माझं रोजचं काम बदललं. आता मी दुपारी रिकाम्या हाताने वर जाऊन लाकूड आणत नव्हते, जिन्याखालचं लाकूड कवेत घेऊन वर नेत होते.

काका बंब पेटवायचे, लहान बादली भरून मोरीत ठेवायचे, तेच वाक्य म्हणायचे आणि बाहेर येऊन बसायचे. कधी काहीच आवाज यायचा नाही. मग ते आत जाऊन स्वतःची आंघोळ उरकायचे आणि गार झालेली लहान बादली ओतून टाकायचे. कधी आवाज यायचा. माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही, पण जिना चढताना आता पाय अडखळत नव्हते. फक्त आवाज सुरू असताना मी कधी दारातून आत पाहिलं नाही. काकाही पाहत नसत. आंघोळ करणाऱ्या बाईकडे कोण पाहतं.

जानेवारीच्या अखेरीस आम्हालाही जागा सोडायचं पत्र आलं. निघायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "मला वर ने." गुडघ्यांमुळे ती चार वर्षांत पहिला मजलाही चढली नव्हती. आम्हाला अर्धा तास लागला. प्रत्येक वळणावर ती बसली. तिच्या हातात चार ढलप्या होत्या. मी घेते म्हटलं तर दिल्या नाहीत.

काका स्टुलावर होते. आत पाण्याचा आवाज सुरू होता. आईने तो ऐकला. ती दाराशेजारी जमिनीवर बसली, ढलप्या मांडीवर ठेवल्या आणि उघड्या दाराकडे तोंड न करता, भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाली, "बाय, त्या दिवशी माझ्याकडे जळण होतं. मी नाही म्हटलं."

आतला आवाज थांबला.

कबुतरांचं घुमणं चालू होतं, रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. आत मात्र थेंब पडल्याचाही आवाज नाही. मी आईचा खांदा धरला होता. काका समोर बघत बसले होते. इतका वेळ गेला की मला वाटलं, आता आई उठून आत जाईल. मग तांब्या बादलीत बुडाला. पाणी पडलं. पुन्हा बुडाला.

"मला माहीत होतं, वहिनी," काका म्हणाले. "तुम्ही दारात होतात, पण जिन्याखालचा ढीग मला दिसत होता."

"मग कधी बोलला नाहीत?"

"तिला सांगितलं नव्हतं. तुमची आणि तिची ऊठबस होती. म्हटलं, कशाला." ते समोर बघतच म्हणाले, "आता तुम्हीच सांगितलंत."

आईने ढलप्या बंबात घातल्या. त्या दिवशीचं पाणी खूप वेळ चाललं.

आम्ही नायगावला भाड्याने राहायला आलो. बंब बरोबर आणला. तो माळ्यावर आहे, काळा पडलाय. जिन्याखाली राहिलेलं जळण तिथेच सोडलं. ते चाळीबरोबर डंपरमध्ये गेलं असणार. चाळ फेब्रुवारीत पाडली. मी पाहायला गेले नाही.

मे महिन्यात लॅबच्या यादीत अँटॉप हिलचा एक पत्ता आला. दार काकांनीच उघडलं. साखर तपासायची होती. तब्येत बरी दिसत होती. मी नस शोधत असताना त्यांनी आपणहून सांगितलं, "चाळीतल्या शेवटच्या दिवशी तिला पत्ता सांगितलाय. दोनदा सांगितला. बसचा नंबरपण."

"मग?"

"अजून नाही आली. नवीन जागा आहे, वेळ लागेल. रोज दोनला गीझर लावून ठेवतो. तीनपर्यंत."

घरी येऊन आईला सांगितलं. दोन दिवसांनी ती म्हणाली, मला एकदा तिकडे घेऊन चल. आम्ही एका शुक्रवारी दुपारी गेलो. सून कामावर होती, पण आम्ही येणार म्हणून तिने चकल्या काढून ठेवल्या होत्या. बाहेरच्या खोलीतून बाथरूमचं दार समोरच दिसत होतं. दार बंद, वर गीझरचा लाल दिवा. आई आणि काका सोफ्यावर शेजारी बसले आणि गुडघ्यांबद्दल, गावाकडच्या फणसांबद्दल, कुणाची मुलगी कुठे दिली त्याबद्दल बोलत राहिले. अधूनमधून दोघंही एकदम गप्प होत आणि कान देत. मीही ऐकत होते. वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला तेव्हा काका अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

तीन वाजता त्यांनी जाऊन बटण बंद केलं.

"आज नाही," ते म्हणाले.

"उद्या येईल," आई म्हणाली आणि चकलीची बशी त्यांच्याकडे सरकवली.